देणगीचं सॉफ्टवेअर घेण्याआधी पावती पुस्तक उघडा



मागच्या महिन्यात कार्यकारिणीत ठराव झाला की देणग्यांचा हिशेब आता कॉम्प्युटरवर न्यायचा. तेव्हापासून फोन येताहेत, "मॅडम, कुठलं सॉफ्टवेअर घ्यायचं?" नावं काय, ढीगभर आहेत. पण घेताना काय तपासायचं ते आज बघू, कारण गेल्या मे महिन्यात मी स्वतः ठेच खाल्ली आहे.

आपल्या महासंघाला 80जीची मान्यता आहे. जुन्या पद्धतीने प्राप्तिकर भरणाऱ्या देणगीदाराला त्यामुळे सवलत मिळते. पण 2021-22 या वर्षापासून नुसती पावती पुरत नाही. वर्षभरात कोणी किती दिलं याचं विवरण संस्थेने 31 मेपर्यंत फॉर्म 10बीडीमध्ये भरायचं आणि त्यावरून निघणारं 10बीई प्रमाणपत्र देणगीदाराला द्यायचं. उशीर झाला तर दिवसाला 200 रुपये शुल्क. त्यात प्रत्येकाचं नाव, पत्ता, पॅन किंवा आधार, रक्कम आणि पैसे रोख आले की बँकेतून, हे सगळं लागतं. 29 मेला मी आणि लेखापाल ताई पावती पुस्तकं घेऊन बसलो, तर निम्म्या पावत्यांवर पॅनच नाही! एकीवर नुसतं "ठाण्याचे काका" लिहिलेलं. दोन दिवस फोन लावत बसलो. मुलींच्या सायकलींसाठी 5,000 रुपये देणाऱ्या एका निवृत्त गुरुजींना शेवटी प्रमाणपत्र देता आलं नाही. ते काही बोलले नाहीत. पण यंदा त्यांची देणगी आली नाही.

म्हणून पहिली तपासणी ही: पत्ता आणि पॅन भरल्याशिवाय 80जीची पावती निघूच नये, अशी सोय त्यात आहे का? आणि 2,000 रुपयांच्या वर रोख रक्कम टाकली तर सॉफ्टवेअर अडवतं का? कारण त्यावरच्या रोख देणगीला सवलत मिळत नाही.

दुसरी गोष्ट आपल्या पावती पुस्तकानेच शिकवलेली आहे. पावती चुकली तर आपण ती फाडून टाकत नाही. तिरपी रेघ मारून "रद्द" लिहितो आणि पुस्तकातच ठेवतो, अनुक्रमांक तुटू देत नाही. सॉफ्टवेअरमध्येही तसंच हवं. ज्यात पावती पुसून टाकता येते आणि मागे खूण राहत नाही, ते कितीही स्वस्त असो, घेऊ नका. प्रत्येकीला वेगळा पासवर्ड हवा. एकच पासवर्ड कपाटावर चिकटवलेला असेल तर नोंद कोणी बदलली ते कधीच कळणार नाही.

मध्यंतरी एक विक्रेते भाऊ दाखवायला आले होते. रंगीत आलेख, गोल गोल तक्ते, सगळं इंग्रजीत. आम्ही माना डोलावल्या. लेखापाल ताईंनी मात्र विचारलं, "भाऊ, उद्या आम्ही तुमचं सॉफ्टवेअर बंद केलं तर आमची यादी आम्हाला मिळणार का?" ते म्हणाले, "हो, पीडीएफमध्ये." ताई हसल्या. पीडीएफ म्हणजे छापलेला कागदच, दुसरीकडे भरायची तर पुन्हा एकेक नाव टाइप करा! यादी एक्सेलमध्ये बाहेर काढता आली पाहिजे, आणि ती पैसे देण्याआधी आपल्यासमोर काढून दाखवायला सांगा.

आता ऑनलाइन देणगीचं. इथे हिशेब हमखास अडतो, म्हणून उदाहरण घेते. देणगीदाराने 1,000 रुपये भरले. पेमेंट गेटवेने समजा 2 टक्के शुल्क घेतलं आणि त्यावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे एकूण 23 रुपये 60 पैसे. बँकेत आले 976 रुपये 40 पैसे. पावती किती रुपयांची? 1,000 ची. देणगी पूर्ण जमा दाखवायची आणि 23.60 खर्चात टाकायचे. सॉफ्टवेअर ही दोन्ही आकडेमोड वेगवेगळी दाखवत नसेल तर ऑडिटच्या वेळी बँक पासबुक आणि देणगी यादी जुळणार नाही. आणि हो, क्यूआर कोड महासंघाच्या खात्याचाच हवा. सचिव ताईंच्या फोनवर पैसे घेणं सोपं वाटतं, पण त्यात बिचाऱ्या ताईच संशयात येतात.

"मोफत मिळतं की!" असंही कोणी म्हणेल. सिव्हीसीआरएम मोफत आहे, चांगलंही आहे. पण ते सर्व्हरवर बसवायला, चालू ठेवायला जाणता माणूस लागतो, आणि तो मोफत मिळत नाही. माझं मत विचाराल तर वर्षाला शंभरेक देणगीदार असतील तोवर एक नीट आखलेली एक्सेल वही पुरे. वर सांगितलेले रकाने त्यात पाडा, महिन्याला एक प्रत पेनड्राइव्हमध्ये काढून कुलपात ठेवा. ती यादी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकू नका, त्यात लोकांचे पॅन असतात.

तरीही सॉफ्टवेअर घ्यायचंच ठरलं, तर विक्रेत्याला चालवू देऊ नका. ज्या ताई रोज नोंदी करणार, त्यांनाच खुर्चीत बसवा. पुढच्या प्रभाग बैठकीला येताना गेल्या वर्षीचं एक पावती पुस्तक घेऊन या. त्यातल्या दहा पावत्या, एक रद्द केलेली आणि एक ऑनलाइन आलेली धरून, आपण बसून भरून बघू.