अभ्यासपाठ : हातपंप कुठं बसवायचा?



या महिन्याचा पाठ हिशोबाचा नाही. व्याज, परतफेड, बँक जोडणी हे आपण मागच्या तीन अंकांत केलं. आजचा पाठ शेजाराचा आहे. एकीनं मोठ्यानं वाचावं, बाकीच्यांनी ऐकावं आणि जिथं बोलावंसं वाटेल तिथं वाचणारीला थांबवावं. एका बैठकीत संपला नाही तरी चालेल.

आधी आमच्याच गटाचं सांगते. अकरा जणींचा गट, आठ वर्षं झाली. दर सोमवारी बचत, कर्ज वेळेवर, वही चोख. वही मीच लिहिते. बैठक नेहमी एकाच घरी, कारण तिथं ओसरी मोठी आणि पंखा आहे. वस्तीवरच्या दोघी जणी वेळेवर यायच्या, पायरीजवळ बसायच्या आणि चहा आला की म्हणायच्या, "आत्ताच घेतला घरी." आम्हाला वाटायचं, नसेल आवडत. चार वर्षांनी त्यातल्या एकीनं बचत मागे घेतली आणि गट सोडला. कारण विचारलं तर घरची अडचण म्हणाली. खरं कारण मला पुढं कितीतरी दिवसांनी कळलं. त्या घरात त्या दोघींचा कप वेगळा होता. मी त्याच ओसरीवर बसून दर आठवड्याला "हजेरी शंभर टक्के" असं लिहीत होते. कोण कुठं बसलं, कुणी कशातून चहा घेतला, याचा रकाना आपल्या वहीत नसतो.

हे मनात सलत होतं तेव्हाच जामखेडबद्दल वाचायला मिळालं. म्हणून आजच्या पाठाला जामखेड घेतलंय.

अहमदनगर जिल्ह्यात, म्हणजे आताच्या अहिल्यानगरमध्ये, ख्रिस्ती मंडळींचं काम फार जुनं. अमेरिकन मराठी मिशनचं नगरचं केंद्र 1831 सालचं. त्यांनी चर्च बांधली, तशा शाळा काढल्या, दवाखाने काढले. आपल्यातल्या कितीतरी जणींच्या आजी-पणजीचं बाळंतपण मिशनच्या दवाखान्यात झालं असेल. रविवारची उपासना चर्चच्या आत, पण सेवा मात्र दाराबाहेर येणाऱ्या कुणाचीही, ही त्यांची रीत. नेवासा तालुक्यात वडाळ्याला असाच एक मिशनचा दवाखाना होता. 1960 च्या दशकात तिथं एक ख्रिस्ती डॉक्टर जोडपं काम करत होतं. डॉ. रजनीकांत आरोळे हे नगर जिल्ह्यातलेच, राहुरीकडचे. डॉ. मेबल आरोळे जबलपूरच्या. दोघं वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात शिकलेले, दोघंही पहिल्या रांगेतले हुशार. शहरात दवाखाना काढला असता तर बंगला बांधला असता.

वडाळ्याला त्यांच्या एक गोष्ट लक्षात आली. जुलाबानं सुकलेलं पोर आणलं, सलाईन लावलं, बरं करून घरी पाठवलं, की काही आठवड्यांनी तेच पोर परत दारात. घरी पाणी तेच, उपास तोच. आलेल्या माणसाला बरं करणं ही सेवाच. पण जी बाई दवाखान्यापर्यंत पोचूच शकत नाही, तिचं काय? दवाखान्यात येणाऱ्यांचे बहुतेक आजार मुळात टाळता येण्यासारखे होते. मग दोघं अमेरिकेत जाऊन सार्वजनिक आरोग्य शिकून आले आणि 1970 साली जामखेडला आले. जामखेड तालुका तेव्हा कसा होता हे दुष्काळी भागातल्या बाईला सांगायला नको. जनावरांच्या जुन्या दवाखान्याच्या इमारतीत काम सुरू झालं. जगभरातल्या चर्चची एक परिषद आहे, तिच्या जिनिव्हातल्या वैद्यकीय मंडळानं सुरुवातीला हात दिला. काम जामखेडच्या लोकांसाठी होतं. उपचाराला धर्माची अट नव्हती, प्रशिक्षणालाही नव्हती.

इथं थोडं थांबा आणि बोला. आपल्या गावात बाहेरून कुणी मदत करायला आलं, मग ते चर्चचं असो, मठाचं, दर्ग्याचं की एखाद्या पक्षाचं, तर आपण आधी काय विचारतो? "यांना काय पाहिजे?" असंच ना? विचारायलाच पाहिजे. मी तर म्हणते, मोठ्यानं विचारावं. आरोळ्यांनाही लोकांचा विश्वास आयता मिळाला नव्हता.

आता बहात्तरचा दुष्काळ आठवा. ज्यांना आठवत नसेल त्यांनी सासूला विचारा. सुकडी, मिलो, खडी फोडायला गेलेल्या बायका, कोरड्या पडलेल्या विहिरी. तेव्हा जामखेडच्या आसपासच्या गावांत बोअर घेऊन हातपंप बसवायचं काम निघालं. पाण्याची जागा दाखवायला भूगर्भतज्ज्ञ यायचे. डॉक्टरांनी त्यांना सांगितलं की जागा शोधायची ती दलित वस्तीतच शोधा.

यातली चतुराई बघा. सवर्णांच्या विहिरीवर दलितांना पाणी भरू द्या, असं भाषण त्यांनी दिलं असतं तर लोकांनी माना डोलावल्या असत्या आणि दुसऱ्या दिवशी सगळं पहिल्यासारखं. इथं हातपंपच वस्तीत. आता ज्याला तहान लागेल तो तिकडं जाईल. हंडा घेऊन जाणारी बाई वरच्या आळीची असली तरी पाय वस्तीकडंच वळणार. कुणाला सक्ती नाही, कुणाचा अपमान नाही. रांगेत दोघी उभ्या राहिल्या की आज ना उद्या एक दुसरीला विचारतेच, "पोराचा ताप उतरला का?"

मला विचाराल तर सगळ्या जामखेडच्या कामात ही एक गोष्ट सगळ्यात शहाणपणाची. दवाखाना कुणीही बांधेल.

पुरुषांचं त्यांनी वेगळं केलं. एकत्र या, चर्चा करा, म्हटलं की पुरुष येत नाहीत हे आपल्याला ग्रामसभेवरून माहीत आहे. डॉक्टर गावात जाऊन व्हॉलीबॉल खेळायला लागले. खेळायला सगळ्या जातीची पोरं लागतात, चेंडू काही जात विचारत नाही. खेळ झाला की घामाघूम होऊन तिथंच बसायचं आणि मग शेती, पाणी, पोरांची आजारपणं असं बोलणं निघायचं. त्यातून पुढं शेतकरी मंडळं उभी राहिली. लहान मुलांच्या आहाराचं कामही असंच पंगतीतून. एका रांगेत बसून जेवलेली पोरं मोठी झाल्यावर वेगळी पंगत मांडायला जरा लाजतात.

बायकांचं काम मात्र सगळ्यात अवघड निघालं, आणि तिथं डॉक्टरांची चूकही झाली. आधी त्यांनी गावोगाव शिकलेल्या नर्सबाई ठेवून पाहिल्या. तरुण, बाहेरच्या, एकट्या राहणाऱ्या. गावाला त्या परक्या आणि त्यांना गाव परकं. चाललं नाही. मग ठरलं की ज्या बाईचं गाव ऐकतं, जिनं चार पोरं वाढवलीत, अशी गावातलीच बाई गावानं निवडायची आणि तिला शिकवायचं. निवडलेल्या बायका बहुतेक निरक्षर होत्या, गरीब होत्या, कितीतरी दलित होत्या. काहींना नवऱ्यानं टाकलेलं होतं. या बायका गावच्या आरोग्य सेविका झाल्या. आपल्या आशाताईंची योजना आली 2005 साली. जामखेडमध्ये हे त्याच्या तीसेक वर्षं आधी चाललं होतं.

त्या दर आठवड्याला जामखेडला यायच्या आणि रात्री मुक्काम करायच्या. पहिला धडा औषधाचा नव्हता. नाव सांगायचं होतं. गटाच्या पहिल्या बैठकीत आपल्यातल्या कितीजणींनी पदर तोंडाशी धरून "अमक्याची मंडळी" असं सांगितलं होतं, आठवतंय ना? त्या बायकांचंही तसंच. स्वतःचं नाव मोठ्यानं घ्यायला शिकणं हेच पहिलं शिक्षण. दुसरा धडा जेवणाचा. सुरुवातीला काहीजणी दुसऱ्या जातीच्या बाईबरोबर जेवायला तयार नव्हत्या. कुणी रागावलं नाही. पण दर आठवड्याला तीच खोली, तोच स्वयंपाक, तेच अंथरूण-पांघरूण. रात्री दिवा मालवल्यावर सासूच्या, नवऱ्याच्या, मेलेल्या लेकराच्या गोष्टी निघाल्या की जात किती वेळ टिकणार?

गावी परत गेल्यावर मग खरी परीक्षा. दलित सेविकेला वरच्या आळीत कोण घरात घेणार? पण रात्री दोन वाजता सुनेला कळा सुरू झाल्या, दवाखाना लांब, एसटी सकाळची, आणि गावात बाळंतपण सुरक्षित करणारी एकच बाई. दार उघडावंच लागलं. गरोदर बाईनं कमी खावं म्हणजे मूल बारीक होऊन सुटका सोपी होते, ही समजूत या बायकांनी मोडली. जुलाब झालेल्या मुलाचं पाणी बंद करायचं नाही, उलट मीठ-साखरेचं पाणी पाजत राहायचं, हे त्यांनी घरोघर नेलं. कुष्ठरोगाचा डाग लवकर ओळखायला त्या शिकल्या आणि त्या रोग्याला गावाबाहेर काढू नका, असं सांगायलाही शिकल्या. 1971 मध्ये या भागात जन्मलेल्या हजार बाळांपैकी 176 बाळं वर्षाच्या आत जात होती. 1976 पर्यंत हा आकडा 52 वर आला. एका हजारात सव्वाशे घरांत पाळणा रिकामा झाला नाही. हे काम अशा बायकांनी केलं ज्यांच्या हातचं पाणी कालपर्यंत कुणी पीत नव्हतं.

नंतर जगानं दखल घेतली. 1975 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या पुस्तकात जामखेडचं काम आलं. 1979 मध्ये आरोळे पती-पत्नींना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मेबलताई 1999 मध्ये गेल्या, डॉक्टर 2011 मध्ये. काम त्यांच्या मुलांनी पुढं चालू ठेवलं.

आता हे सगळं चर्चचं की गावाचं? मला वाटतं, उगम श्रद्धेतला आहे हे मान्य करावं. येशूनं रोग्याला हात लावला, म्हणून आपणही लावायचा, इतकी साधी ती श्रद्धा. पण हात लावून झाल्यावर त्यांनी काम आपल्या मुठीत ठेवलं नाही, गावच्या बाईच्या हातात दिलं. ती बाई हिंदू असेल, बौद्ध असेल, मुसलमान असेल, तिनं आपला देव बदलायची गरज नव्हती. सेवा करणाऱ्यानं बदल्यात काय मागितलं, यावरून सेवा ओळखावी. मदतीच्या बदल्यात मत मागणारे आणि फोटो मागणारे आपण पाहिलेत. कधी कधी गटही मागतो. "आमच्याकडून कर्ज घेतलंस, मग आमच्या कार्यक्रमाला आलंच पाहिजे" असं आपणही म्हणतो की.

कार्यक्रमावरून आठवलं. आपल्या संघात संक्रांतीला हळदीकुंकू ठेवतात आणि त्यालाच "महिला मेळावा" म्हणतात. त्या दिवशी विधवा सदस्य कुठं बसते? मुस्लिम सदस्य, ख्रिस्ती सदस्य येते का? सण करू नका असं मी म्हणत नाही. मला स्वतःला तिळगूळ फार आवडतो. पण सण घरचा आणि मेळावा संघाचा, हे दोन वेगळे ठेवता येतील. मेळाव्यात वाण द्यायचंच असेल तर सगळ्यांना सारखं द्या, कपाळ न बघता.

आता अभ्यास. पुढच्या बैठकीत अंगणात रांगोळीनं गावाचा नकाशा काढा, आपण नियोजनाला काढतो तसाच. त्यात घरं, आळ्या, वस्त्या काढून झाल्या की या जागा दाखवा : नळ किंवा हातपंप, अंगणवाडी, रेशन दुकान, पिठाची गिरणी, ग्रामसंघाचं कार्यालय, आणि गटाची बैठक जिथं होते ते घर. नंतर प्रत्येकीनं आपल्या घरापासून बैठकीच्या घरापर्यंत बोटानं रेघ ओढायची. कुणाची रेघ सगळ्यात लांब आहे ते बघा. कुणाच्या आळीकडं एकही रेघ जात नाही, तेही बघा. बहुतेक ठिकाणी एक कोपरा असा सापडेल की तिथून सगळ्या बाहेर येतात आणि तिकडं कुणीच जात नाही.

मग ठरवा. बैठकीचं घर फिरतं ठेवायचं का? गटाच्या पेटीची एक किल्ली त्या कोपऱ्यातल्या सदस्याकडं द्यायची का? संघाला शिलाई मशीन, गिरणी, मसाला यंत्र असं काही मिळालं तर ते कुठं बसवायचं? ही प्रश्नोत्तरं वहीत लिहा, आणि "आम्ही सगळ्या एकच आहोत" एवढंच लिहून थांबू नका. ते लिहायला सोपं आहे. आठ वर्षं मीच लिहिलंय.

आमच्या गटानं नकाशा काढला. पुढच्या सोमवारची बैठक वस्तीवर आहे, जिनं चार वर्षं "आत्ताच घेतला" म्हणत चहा नाकारला तिच्या घरी. तिनं गट सोडला नव्हता. ओसरी लहान आहे, दाटीनं बसावं लागेल. ज्यांच्या घरी आजवर बैठक व्हायची त्या काकूंनी विचारलं, "चहाचं काय?" ती म्हणाली, "मी करते. दूध तेवढं घेऊन या."