चाहत्यांची बोली : ‘अशी ही बनवाबनवी’

वाक्प्रचार लोकव्यवहारातून रूढ होतात. त्याचे अलीकडचे उदाहरण म्हणून सचिन पिळगावकर दिग्दर्शित ‘अशी ही बनवाबनवी’ (१९८८) हा चित्रपट घ्या. त्याच्या चाहत्यांचा समुदाय सभासद-नोंदणीवर उभा नाही. एकाने अर्धा संवाद उच्चारावा, दुसऱ्याने तो पूर्ण करावा, एवढीच तेथील प्रवेशपरीक्षा.

‘सत्तर रुपये वारले’ हा संवाद तपासा. ‘वारणे’ हे क्रियापद माणसांसाठी, तेही आदराने योजले जाते. धनंजय माने घरमालकाकडून घेतलेल्या पैशांनाच त्याचा कर्ता करतो आणि देणे फेडण्याऐवजी मालकाला जणू सुतकात बसवतो. ‘हा माझा बायको’ येथे तर व्याकरणच साक्षीदार होते. नाम स्त्रीलिंगी, सर्वनाम व विशेषण पुल्लिंगी. स्त्रीवेषातील परशुरामाचे सोंग जिभेनेच उघडे पाडले. हा विनोद इंग्रजीत नेऊन पाहा, हाती काही उरणार नाही.

मात्र संवाद सुटे होऊन फिरू लागले की प्रसंग मागे पडतो. हे सोंग हौसेचे नाही. डोक्यावरचे छप्पर गेलेले चार तरुण आणि केवळ विवाहितांनाच खोली देणारी घरमालकीण, ही त्यामागची निकड आहे. पाठांतरात तरबेज असलेल्या चाहत्यालाही ती क्वचितच आठवते.

कृती : आपल्या परिसरात रुळलेला एखादा चित्रपट-संवाद निवडा. चित्रपट न पाहिलेल्या व्यक्तीला त्याचा कोणता अर्थ लागतो, हे विचारून नोंदवा.