जुन्या वृत्तपत्रातून इतिहासाचा पाठ

इतिहासाचे पाठ्यपुस्तक कितीही चांगले असले तरी त्यात सर्वांना जागा मिळत नाही. राजे, लढाया व तह यांची नोंद होते. पण ज्यांनी दुःख सोसले त्यांची हकीकत पुष्कळदा पुस्तकाबाहेरच राहते. ती कोठे सापडते? रोजच्या वापरातील साध्या कागदांत. वृत्तपत्र हा त्यांतील एक महत्त्वाचा कागद होय.

पुढील उदाहरण पाहावे. अमेरिकन मिशनने 1842 मध्ये अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) येथे 'ज्ञानोदय' हे मराठी नियतकालिक सुरू केले. त्याच्या 1855 च्या फेब्रुवारी व मार्चमधील अंकांत एका विद्यार्थिनीचा निबंध दोन भागांत छापून आला. मुक्ता साळवे हे तिचे नाव. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात चालविलेल्या शाळेत ती शिकत होती. तिने मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिले. वेद वाचण्याचा अधिकार ज्यांना नाही, त्यांचा धर्म कोणता, असा रोखठोक प्रश्न तिने विचारला. पेशवाईत आपल्या लोकांवर झालेले जुलूम तिने सांगितले. बाळंतपणाच्या वेळी डोक्यावर छप्परही नसणाऱ्या स्त्रियांचे हाल तिने वर्णिले. शेवटी, शिक्षण हेच या दुःखावरील औषध आहे, असे तिने आपल्या बांधवांना बजाविले.

ही मुलगी आपल्या वरच्या वर्गांतील मुलींएवढ्याच वयाची होती. तिचा निबंध पुष्कळ काळ विस्मृतीत राहिला. आज तो दलित स्त्रीच्या उपलब्ध लेखनांपैकी अगदी आरंभीचा म्हणून गणला जातो. तो अंक कोणी जपलाच नसता, तर हा आवाज कायमचा हरपला असता.

या पाठाची मांडणी पुढीलप्रमाणे करावी.

पूर्वतयारी : प्रथम मुलांना विचारावे, "काल तुमच्या घरी कोणकोणते छापील कागद आले?" वर्तमानपत्र, लग्नपत्रिका, एस. टी. चे तिकीट, टपालतिकीट अशी उत्तरे येतील. ती फळ्यावर लिहावीत. सावित्रीबाई फुले यांचे टपालतिकीट 1998 मध्ये निघाले, हे सांगून लहानशा कागदावरही इतिहास असतो, हे पटवून द्यावे.

प्रतिपादन : मुक्तेची हकीकत सोप्या शब्दांत सांगावी. नंतर चार प्रश्न विचारावेत. हे कोणी लिहिले? केव्हा लिहिले? कोणासाठी लिहिले? यात कोणाचे म्हणणे आलेले नाही? छापले आहे म्हणून सर्व खरेच, असे मुलांनी मानू नये. एका कागदातील गोष्ट दुसऱ्या कागदाशी व जाणत्या माणसाच्या सांगण्याशी ताडून पाहावी, ही सवय लावणे हा या पाठाचा गाभा आहे.

उपयोजन : प्रत्येक मुलाने घरातील एक जुना कागद पाहावा व त्यावरून चार ओळी लिहाव्यात. कागद फाटका असेल तर तो शाळेत न आणता घरीच पाहून नक्कल करावी. ज्या घरी कागद नसेल तेथील मुलाने आजीला विचारून एक आठवण लिहावी. तिचे मोल कमी लेखू नये.

एक दक्षता मात्र कटाक्षाने घ्यावी. जातींचा उल्लेख होत असताना वर्गातील कोणाही मुलाकडे बोट दाखवू नये, वा "तुमच्या लोकांचे" असे शब्द वापरू नयेत. ज्या मुलाच्या पूर्वजांनी हे भोगले, त्याची मान या पाठाने खाली जाता कामा नये. ती ताठ व्हावी. दुःख सोसणाऱ्यांतीलच एका मुलीने लेखणी हाती घेऊन सर्वांना प्रश्न विचारला, यावर भर द्यावा.

शाळेतील जुनी हजेरीपत्रके व दाखल्यांच्या नोंदवह्याही याच दृष्टीने पाहाव्यात. गावातील पहिली मुलगी शाळेत केव्हा आली, हे त्यांतून कळू शकेल. असे कागद वाळवीपासून जपावेत आणि रद्दीत जाण्यापूर्वी एकवार उलगडून पाहावेत. त्यांत एखादी मुक्ता वाट पाहत असेल.