भुकेल्या बालकास प्रथमच भरपेट अन्न का देऊ नये?

प्रश्न : दुष्काळी छावण्यांत अस्थिपंजर झालेल्या मुलांना आरंभी थोडे, पातळ दूधच देतात असे वाचले. हे निष्ठुरपणाचे नव्हे काय? – एक वाचक, सोलापूर

उत्तर : आपला कळवळा रास्त आहे, परंतु दीर्घ उपासमारीत ज्या देहाने हृदय, यकृत व मूत्रपिंड यांचे व्यापार मंद करून कसाबसा जीव तगवलेला असतो, त्यावर एकाएकी अन्नाचा भार टाकला, तर रक्तातील फॉस्फेट व पोटॅशियम झपाट्याने पेशींत शिरून हृदय बंद पडण्याचा धोका उत्पन्न होतो. म्हणून भूक मेलेल्या वा अन्य व्याधींनी ग्रासलेल्या बालकास इस्पितळात दाखल करून, १०० मिलिलिटरमागे ७५ किलोकॅलरी देणारे ‘एफ-७५’ हे दूध दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा, पाजतात. ऊब आणि प्रतिजैविके देतात, लोह मात्र तूर्त वर्ज्य. ज्याची भूक शाबूत आहे, त्यास शेंगदाणा, दूधभुकटी, साखर व तेल यांचा पौष्टिक लगदा घरीच देता येतो, आणि याच मुभेमुळे २००५ साली नायजरमध्ये ६०,००० हून अधिक बालकांवर उपचार करणे ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ला शक्य झाले. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलाच्या दंडाचा घेर ११५ मिलिमीटरहून कमी भरल्यास त्याला विनाविलंब उपचारकेंद्रात न्यावे.