वेगावरून अंतराकडे : प्रतिअवकलजाची उलटी वाट

कला शाखेच्या विद्यार्थ्याने कलनशास्त्रावर लेख लिहिलेला पाहून काही वाचक पान उलटतील, याची मला कल्पना आहे. परंतु अर्थशास्त्राच्या तासाला सीमांत खर्च येतो, भूगोलाच्या तासाला धरणातील आवक येते, मानसशास्त्राच्या तासाला घंटेच्या आकाराचा वक्र येतो, आणि या तिन्ही ठिकाणी प्रश्न एकच असतो : बदलाचा दर ठाऊक आहे, तर मूळ राशी किती? या प्रश्नाच्या उत्तराला गणितात प्रतिअवकलज म्हणतात. या विषयाच्या इतिहासातील एका मोठ्या नावाचा धागा आपल्याच जिल्ह्यात, चाळीसगावजवळच्या पाटण येथे येऊन पोहोचतो. त्याविषयी पुढे येईलच.

अवकलनात राशी दिलेली असते आणि तिच्या बदलाचा दर काढायचा असतो. क्ष-वर्गाचा अवकलज २क्ष, हे बहुतेकांना पाठ असते. आता प्रश्न उलटा करा. असे कोणते फलन आहे, की ज्याचा अवकलज २क्ष येईल? क्ष-वर्ग, हे उत्तर लगेच सुचते. पण ‘क्ष-वर्ग + ५’ याचाही अवकलज २क्षच आहे आणि ‘क्ष-वर्ग – १००’ याचाही तोच. कारण जी संख्या बदलतच नाही, तिच्या बदलाचा दर शून्य. म्हणून पूर्ण उत्तर ‘क्ष-वर्ग + स’ असे लिहितात. ‘स’ म्हणजे कोणताही स्थिरांक.

या ‘स’कडे आम्ही विद्यार्थी बहुधा उत्तराच्या शेवटी लावायची शेपटी म्हणून पाहतो. उत्तरपत्रिकेत तो राहिला की गुण कापले जातात, एवढीच त्याची ओळख. मला मात्र या सबंध प्रकरणात तोच सर्वांत अर्थपूर्ण वाटतो. जळगावहून एरंडोल, पारोळामार्गे धुळ्याला जाणाऱ्या एस. टी.चे उदाहरण घेऊ. गाडीचा वेग ताशी ५० किलोमीटर आहे, एवढेच सांगितले, तर दोन तासांत ती १०० किलोमीटर जाईल हे कळते. पण ती आता कोठे आहे, हे कळत नाही. सुरुवातीला ती जळगावच्या स्थानकात होती की पारोळ्याच्या, हे वेगाच्या काट्यावरून सांगता येणार नाही. ते वेगळे विचारावे लागते. ‘स’ म्हणजे हीच वेगळी विचारायची गोष्ट.

अर्थशास्त्रात तर ‘स’ला स्वतःचे नावच आहे. समजा, एका जिनिंगमध्ये ‘क्ष’ गाठी तयार झाल्यावर पुढच्या गाठीचा सीमांत खर्च ६०० + २क्ष रुपये आहे. याचा प्रतिअवकलज ६००क्ष + क्ष-वर्ग + स. पन्नास गाठींसाठी पहिली दोन पदे ३०,००० आणि २,५०० अशी, मिळून ३२,५०० रुपये होतात. मग ‘स’ काय? क्ष शून्य ठेवून पाहा. एकही गाठ निघाली नाही तरी जो खर्च उरतो, तो ‘स’ : शेडचे भाडे, राखणदाराचा पगार, कर्जाचे व्याज. पुस्तकात यालाच स्थिर खर्च म्हटले आहे. जिनिंग हंगामापुरते चालते, भाडे बारा महिने चढते, हे आमच्या घरात शाळेचे तोंड न पाहिलेल्यांनाही नीट ठाऊक आहे. केवळ सीमांत खर्चाच्या आकड्यांवरून स्थिर खर्च कधीच काढता येत नाही. त्यासाठी मालकाची वहीच उघडावी लागते.

पावसाळ्यात हतनूर धरणातून इतके क्युसेक पाणी सोडले, अशा बातम्या आपण वाचतो. क्युसेक हा दर आहे : एका सेकंदाला एक घनफूट. दहा हजार क्युसेकचा विसर्ग दिवसभर सारखाच राहिला, तर ८६,४०० सेकंदांत ८६ कोटी ४० लाख घनफूट पाणी जाईल. येथे साधा गुणाकार पुरतो, कारण दर स्थिर आहे. पण पूर चढत असताना दर स्थिर नसतो. समजा, ‘क्ष’ तासांनंतर एखाद्या धरणातील आवक ताशी ६क्ष लाख घनफूट आहे. चार तासांनी ती २४ लाख झाली. २४ गुणिले ४ म्हणजे ९६ लाख घनफूट पाणी आले, असे कोणी म्हणेल. पण शेवटचा दर काही पहिल्यापासून नव्हता. ६क्षचा प्रतिअवकलज ३ क्ष-वर्ग, म्हणून चार तासांत आलेले पाणी ४८ लाख घनफूट, बरोबर निम्मे. आणि धरणात एकूण पाणी किती, या प्रश्नाला ‘स’ हवाच, म्हणजे पूर येण्यापूर्वीचा साठा.

आता प्रतिअवकलज काढायचा कसा? क्षच्या घातांसाठी रीत सोपी आहे : घात एकाने वाढवा आणि नव्या घाताने भागा. क्ष-वर्गाचा प्रतिअवकलज क्ष-घन भागिले ३. ही रीत फक्त एका ठिकाणी अडते. १ भागिले क्ष याचा घात उणे एक; एकाने वाढवला की शून्य, आणि शून्याने भागता येत नाही. तेथे उत्तर म्हणून लॉगरिदम येतो. बेरजेत प्रत्येक पदाचा प्रतिअवकलज वेगळा काढून मिळवला की झाले.

खरी अडचण गुणाकारापासून सुरू होते. अवकलन हे दळण्यासारखे आहे. नियमांच्या जात्यात कोणतेही फलन घाला, पीठ पडणारच. प्रतिअवकलज म्हणजे पिठावरून धान्य ओळखणे. ‘२क्ष गुणिले कोज्या(क्ष-वर्ग)’ हे फलन पाहिले की जाणकाराच्या लक्षात येते, की बाहेरचे २क्ष हे आतील क्ष-वर्गाचेच अवकलज आहे. म्हणून उत्तर ज्या(क्ष-वर्ग) + स. खात्री हवी असल्यास उत्तराचे अवकलन करावे, मूळ फलन परत आले पाहिजे. गणिताच्या फार थोड्या प्रकरणांत विद्यार्थ्याला आपला ताळा स्वतः इतक्या पूर्णपणे घेता येतो. आता त्याच फलनातून बाहेरचे २क्ष काढून टाका आणि केवळ कोज्या(क्ष-वर्ग) ठेवा. प्रश्न दिसायला सोपा झाला, पण नेहमीच्या फलनांच्या भाषेत त्याचे उत्तरच उरले नाही. असे का घडते, याचा पाया फ्रेंच गणिती लियुव्हिल याने १८३० च्या दशकात घातला.

सूत्र मिळत नाही तेव्हा काय करायचे? बेरीज. राशीचे बारीक बारीक तुकडे पाडायचे आणि ते मिळवत जायचे. येथे आपण भास्कराचार्यांपाशी येतो. त्यांचा जन्म शके १०३६ चा, म्हणजे इ. स. १११४ चा, ‘सिद्धान्तशिरोमणि’ त्यांनी छत्तिसाव्या वर्षी, ११५० मध्ये पूर्ण केला. त्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघण याचा ज्योतिषी होता. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्याने पाटण येथे मठ स्थापला आणि निकुंभ घराण्यातील सोइदेवाने त्या मठास दान दिले. १२०७ सालचा तो शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात उजेडात आणला. त्याचा अखेरचा भाग जुन्या मराठीत आहे. पाटणादेवीच्या जत्रेला जाणाऱ्या आपल्यापैकी कितीजणांना हे ठाऊक असेल?

गोलाचे पृष्ठफळ काढताना लल्ल या आधीच्या ज्योतिर्विदाने वर्तुळाच्या क्षेत्रफळाला परिघाने गुणले होते. भास्कराचार्यांनी हे चूक ठरवले आणि नुसते चूक म्हणून न थांबता उपपत्ती दिली. गोलाच्या पृष्ठाचे आवळ्याच्या फाकांसारखे पट्टे कल्पायचे. प्रत्येक पट्ट्याची रुंदी ठिकठिकाणी ज्येच्या प्रमाणात बदलते. मग कोष्टकातील २४ ज्यांची बेरीज करून पट्ट्याचे क्षेत्रफळ मिळवायचे. उत्तर आले : मोठ्या वर्तुळाच्या चौपट. घनफळासाठी त्यांनी केंद्राशी टोके असलेल्या असंख्य सूच्या कल्पिल्या आणि पृष्ठफळ गुणिले व्यास भागिले ६ हे सूत्र दिले. आजच्या भाषेत गोलाचे पृष्ठफळ ४ × पाय × त्रिज्या-वर्ग; त्रिज्येच्या दृष्टीने त्याचा प्रतिअवकलज घ्या, ४/३ × पाय × त्रिज्या-घन हे घनफळ हाती येते. कांद्याचे पापुद्रे एकावर एक चढवत गेल्यासारखे आहे हे. येथे ‘स’ शून्य, कारण त्रिज्याच नसेल तर घनफळ कोठून असणार?

ग्रहांची तात्कालिक गती काढताना ज्येतील बदल कोज्येच्या प्रमाणात असतो, हेही त्यांनी वापरले आहे. म्हणून न्यूटनच्या आधी पाचशे वर्षे कलनशास्त्र पाटणला पूर्ण झाले होते, असे व्यासपीठावरून सांगण्याची आपल्याकडे हौस आहे. मला ते पटत नाही. तुकड्यांची बेरीज आणि अवकलनाची उलटी वाट ही एकच गोष्ट आहे, हा सर्वसाधारण सिद्धान्त सतराव्या शतकात न्यूटन व लायब्निट्स यांच्या हाती आला. बेरजेचे लांबट चिन्ह लायब्निट्सने १६७५ मध्ये प्रथम लिहिले. भास्कराचार्यांनी जे केले ते तेवढेच नेमके सांगितले तरी पुरेसे मोठे आहे.

त्यांची बेरजेची रीत आजही आपल्या दप्तरात आहे. संख्याशास्त्रातील प्रसामान्य वक्राच्या सूत्रालाही साध्या फलनांत प्रतिअवकलज नाही. म्हणूनच पुस्तकाच्या शेवटी क्षेत्रफळांचे कोष्टक छापावे लागते. मध्यापासून एका प्रमाण विचलनापर्यंतचे क्षेत्रफळ वाचकांनी स्वतः काढून पाहावे. अंतराचे चार सारखे भाग करा. प्रत्येक भागाच्या मधोमध वक्राची उंची अनुक्रमे ०.३९६, ०.३७२, ०.३२८ आणि ०.२७२ आहे. बेरीज १.३६८, प्रत्येक पट्टीची रुंदी पाव, म्हणून क्षेत्रफळ ०.३४२. कोष्टकात ०.३४१३ छापलेले आढळेल. चाराऐवजी आठ पट्ट्या घेतल्या, तर उरलेला फरकही बराच कमी होतो.