घसा, गाठी आणि सगळ्यांची एक बाटली

आमचा धाकटा पुण्याला होस्टेलवर असतो. दिवाळीच्या सुट्टीत घरी आला तो ताप अंगात घेऊनच. घसा इतका धरलेला की आवंढा गिळताना डोळ्यांत पाणी यायचं. टॉर्च मारून पाहिलं तर टॉन्सिलवर पांढरट थर आणि मानेच्या मागे दोन्ही बाजूंना बोराएवढ्या गाठी. जवळच्या दवाखान्यात टॉन्सिल्स म्हणून अमॉक्सिसिलिन सुरू झालं आणि काही दिवसांत छाती-पाठीवर लालभडक पुरळ उठलं. गोवर की डेंग्यू, घरात एकच गोंधळ!

फिजिशियननी रक्ताचा रिपोर्ट पाहिला. लिम्फोसाइट वाढलेल्या, त्यातल्या बऱ्याच नेहमीपेक्षा वेगळ्या दिसणाऱ्या, एसजीपीटीही चढलेलं. पुढच्या तपासणीत नाव कळलं: इन्फेक्शियस मोनोन्यूक्लिओसिस, डॉक्टरांच्या बोलण्यात 'मोनो'. या आजारात अमॉक्सिसिलिन दिलं की असं पुरळ उठू शकतं. त्यावरून पोराला पेनिसिलिनची कायमची ॲलर्जी आहे असं ठरवू नये, हेही त्यांनी बजावलं.

हा आजार बहुतेक वेळा एपस्टाइन-बार विषाणूमुळे होतो. 1964 साली एपस्टाइन, अचाँग आणि बार यांना तो आफ्रिकेतल्या मुलांच्या गाठींमधून घेतलेल्या पेशींत सापडला; मोनोशी त्याचं नातं 1968 मध्ये उघड झालं. पसरतो तो मुख्यतः लाळेतून. मोबाइलवर 'चुंबनाचा आजार' असं वाचून आमच्या वन्संनी आजारी पोराची उलटतपासणीच आरंभली, "मैत्रीण वगैरे आहे का रे?" मला तेव्हा खरंच राग आला. कबड्डीच्या सरावानंतर एकाच बाटलीला सगळी टीम तोंड लावते, लागण व्हायला तेवढंही पुरतं. शिवाय लागण झाल्यावर ताप यायला चार ते सहा आठवडे जातात आणि ज्याच्याकडून आला तो बहुधा ठणठणीत असतो. बरं झाल्यावरही लाळेतून विषाणू कित्येक महिने बाहेर पडू शकतो. कुणाकडून आला, हे शोधण्यात काय अर्थ आहे?

म्हणूनच पेशंटला वेगळ्या खोलीत कोंडायची गरज नाही. उष्टं पाणी, उष्टा चमचा, ब्रश एवढं टाळा. मोठ्या माणसांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक जणांना हा विषाणू आधीच भेटून गेलेला असतो, बहुतेकांना लहानपणी, साध्या सर्दी-तापासारखा किंवा नकळत. पहिली गाठ पंधरा-वीसच्या वयात पडली, तर मात्र तो असा आडवा करतो.

या विषाणूवर अँटिबायोटिक चालत नाही. विश्रांती, भरपूर पाणी, तापाला डॉक्टर सांगतील तेवढं पॅरासिटामॉल. थकवा मात्र आठवडेच्या आठवडे रेंगाळतो. त्याला आळशी म्हणू नका. प्लीहा सुजलेली असू शकते, म्हणून निदान तीन-चार आठवडे कबड्डी, जिम, जड उचलणं बंद, आणि पुन्हा सुरू करायचं ते डॉक्टरांना विचारूनच. पोटात डावीकडे वरच्या बाजूला अचानक जोराची कळ आली, श्वास अडकू लागला किंवा पाणीही गिळवेना, तर सकाळची वाट न पाहता थेट हॉस्पिटल गाठा.