बोटीमागची लाट मोठी कशी होते?

प्रश्न : नवेगावबांधच्या तलावात ढिवरांचा डोंगा गेला तर पाणी जेमतेम हलतं. मोटारबोट गेली की लाटा पार काठाला येऊन आपटतात. परदेशात अशाच लाटेवरून लोक फळीवर उभे राहून उड्या मारतात, हे व्हिडिओत पाहिलं. ती लाट मुद्दाम मोठी कशी करतात?
– एक वाचक, अर्जुनी मोरगाव

उत्तर : बोट पाणी बाजूला सारते आणि सारलेलं पाणी परत आपल्या जागी धावतं. त्यातून लाट उठते. ती किती लांब, हे वेग ठरवतो. ताशी ५ किलोमीटर वेगाला दोन लाटांमधलं अंतर सव्वा मीटरच्या आसपास असतं, १० किलोमीटरला ते ५ मीटरवर जातं. वेग दुप्पट, तर लांबी चौपट. डोंगा अरुंद, त्यात वल्ह्याच्या संथ चालीचा. त्याच्यामागे बारीक तरंगच उठणार.

५ मीटर लांबीच्या मोटारबोटीने ताशी १० किलोमीटरचा वेग ओलांडला, की तिची नाळ लाटेवर चढते आणि मागची बाजू खळग्यात बसते. मग ती नाक वर करून स्वतःच्याच लाटेची चढण चढू लागते. सर्वांत मोठी लाट उठते ती याच अर्धवट वेगाला. वेग आणखी वाढवला तर बोट पाण्यावर उचलली जाऊन घसरत धावते आणि लाट पुन्हा लहान होते.

वॉटर स्कीइंगची बोट नेमकी या घसरण्यासाठी घडवलेली असते. इंजिन मधोमध, पंखा तळाखाली, तळ सपाटसर. पुरुषांच्या स्लालम, म्हणजे नागमोडी स्कीइंगच्या, स्पर्धेत ती ताशी ५८ किलोमीटर वेगाने धावते. तिथे लाट म्हणजे अडथळा. फळीवरून उड्या मारणाऱ्याला, म्हणजे वेकबोर्डवाल्याला, तीच लाट हवी असते. म्हणून तो बोट ताशी ३० ते ३७ किलोमीटरवर ठेवतो आणि तिला जड करतो. कोकणातले खलाशी अशा भाराला नीरम म्हणतात. इथे नीरम म्हणून तळ्याचंच पाणी पंपाने पिशव्यांत भरतात. ४०० लिटर भरलं की बोटीत ४०० किलो वाढले, म्हणजे सहा माणसं जास्तीची बसली असं समजा.

भार कुठे ठेवायचा, यातच खरं कसब आहे. मागे जास्त ठेवला तर लाट उंच आणि उभी होते, पुढे थोडा सरकवला तर तिचा चढ लांब आणि सौम्य होतो. एका बाजूला भार कलला, तर एका अंगाची लाट फेसाळून फुटते. मग बोटीतल्या माणसांनाच जागा बदलायला सांगतात. दोरी आखूड केली की खेळाडू बोटीच्या जवळ येतो. तिथे दोन्ही अंगांच्या लाटांमधलं अंतर कमी आणि चढ उभा असतो. पाणी मात्र खोल हवं, उथळ पाण्यात लाट बिघडते. बोटीवर लिहिलेल्या भारमर्यादेपलीकडे जाणं म्हणजे बुडण्याची तयारी.

एक गंमत तुम्हाला तलावाच्या काठावरूनच पाहता येईल. संथ पोहणाऱ्या बदकामागे पाण्यावर जी पाचर उमटते, तिची प्रत्येक बाजू मधल्या रेषेशी साधारण साडेएकोणीस अंशांचा कोन करते. खोल पाण्यात मोठ्या जहाजामागेही तोच कोन असतो. लॉर्ड केल्विन यांनी १८८७ मध्ये हे गणिताने दाखवून दिलं.

हा खेळ नवेगावबांधला मात्र आणू नये. कोलू पाटील कोहळी यांनी बांधलेला हा तलाव पक्ष्यांचा आहे, आणि कमळपक्ष्यासारखे पक्षी तर तरंगत्या पानांवरच घरटं करतात. तिथे मोटारबोटीत बसलात, तर काठाजवळ आणि वनस्पतींजवळ चालकाला वेग ‘थोडा’ कमी करायला सांगू नका. त्या अर्धवट वेगालाच लाट सर्वांत मोठी असते. डोंग्याच्या चालीने न्यायला सांगा.